पाण्याची चाल ओळखणारे विश्वेश्वरय्या

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपल्या देशात अभियंता दिन पाळला जातो. त्या दिवशी शाळाशाळांतून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या तसबिरीला हार घातला जातो, कृष्णराजसागर धरणाचे नाव घेतले जाते, आणि सरकारी कामासाठी एक मेणबत्ती व घरच्या कामासाठी दुसरी, ही गोष्ट एखादा विद्यार्थी पाठ करून सांगतो. गोष्ट चांगली आहे. परंतु या थोर पुरुषाने आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या कामात घालविली, ते काम म्हणजे नळ, पाट आणि गटारे. आणि गटारांची गोष्ट व्यासपीठावरून कोणी सांगत नाही. तो शब्द उच्चारणे सभेला शोभत नाही, असे आपल्याला वाटत असावे.

मंठाळ आणि भोवतालचा हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाची राजधानी एकदा नदीने धुऊन नेली, तेव्हा तिच्या रक्षणाचा आराखडा ज्यांनी आखून दिला, ते हेच विश्वेश्वरय्या. म्हैसूरचे दिवाण म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. आपल्या प्रांताशी आणि मराठी मुलखाशी त्यांचा जो संबंध आला, तो मात्र आपल्या विद्यार्थ्यांना फारसा माहीत नसतो. म्हणून तेथेच अधिक रेंगाळण्याचे मी ठरविले आहे.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६० रोजी म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. मोक्षगुंडम हे त्यांच्या पूर्वजांचे आंध्रातील गाव. ते नाव घराण्याला चिकटून राहिले. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे जाणकार होते. घरी विद्या होती, पैसा नव्हता. आणि वडिलांचे छत्रही लहानपणीच हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना एका सधन घरातील मुलांना शिकवून त्यांनी आपल्या जेवणाराहण्याची सोय लावली. १८८१ मध्ये ते बी. ए. झाले. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती देऊन त्यांना पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये स्थापत्यशास्त्र शिकण्यास धाडले. १८८३ साली एल. सी. ई. च्या परीक्षेत मुंबई इलाख्यात ते पहिले आले. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. नाशिक व खानदेश ही त्यांची पहिली कर्मभूमी. पुढची चोवीस वर्षे त्यांनी मराठी, गुजराती आणि सिंधी मुलखांत काढली.

धुळ्याच्या बाजूला दातर्ती गावापाशी त्यांच्याकडे पहिले अवघड काम आले. पांझरेच्या खोऱ्यातील एका पाटाचे पाणी आडव्या आलेल्या प्रवाहाच्या पलीकडे न्यावयाचे होते. पूल बांधून पाणी वरून नेता येते. परंतु दुसरी युक्ती अशी की, पाणी नळात घालून पात्राखालून न्यावयाचे आणि पलीकडे पुन्हा वर काढावयाचे. पाणी आपली पातळी सोडत नाही. नळाचे तोंड पलीकडच्या तोंडापेक्षा थोडे उंच ठेवले की, मध्ये नळ कितीही खाली उतरो, पाणी आपल्या आपण वर चढते. पंप लागत नाही, बैल लागत नाहीत. या रचनेला सायफन म्हणतात. वाचावयास हे सोपे वाटते. पण पावसाळा तोंडावर आलेला, पात्रात पुराचे पाणी, खणलेल्या चरात वाळू भरून येत असलेली, अशा वेळी तेवीसचोवीस वर्षांच्या तरुणाने पावसाळा संपेपर्यंत काम तहकूब ठेवण्याची परवानगी वरिष्ठांकडे मागितली. वरिष्ठांना ते रुचले नाही. नव्या माणसाने पहिल्याच कामात माघार घ्यावी, हे त्यांना शोभणारे वाटले नाही. विश्वेश्वरय्यांनी मग वाद घातला नाही; काम पुन्हा हाती घेतले आणि त्याच पावसात पुरे केले. त्यांची मागणी चुकीची होती असे मला वाटत नाही. पुरात काम थांबविणे हे शहाणपणच आहे. तरीपण एकदा करावयाचे ठरले म्हणजे कुरकुर न करता करावयाचे, हा त्यांचा स्वभाव तेथे प्रथम दिसला.

१८९४ मध्ये त्यांना सिंध प्रांतात सक्कर येथे पाठविण्यात आले. सिंधू नदी गावाला लागून वाहत असूनही लोकांना पिण्यास स्वच्छ पाणी नव्हते, कारण सिंधूचे पाणी गाळाने दाट असते. ते गाळण्यासाठी मोठमोठी कुंडे बांधावी लागतात, आणि नगरपालिकेपाशी तेवढा पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी नदीकडेच गाळणी मागितली. नदीच्या काठाशी विहीर खणून तिच्यातून पात्राच्या वाळूखाली भुयार नेले. वरचे गढूळ पाणी वाळूतून झिरपत खाली येई, ते निवळ होऊनच. मग ते टेकडीवर चढवून गावाला देण्यात आले. उन्हाळ्यात ओढा आटला की आपल्याकडच्या बाया वाळूत झिरा उकरतात आणि वाटीवाटीने स्वच्छ पाणी भरतात. तत्त्व तेच आहे. मोठ्या शहराच्या मापाने ते बसविणे ही अभियंत्याची विद्या.

पुढे सुरत, पुणे, आणि इलाख्याच्या आरोग्यविषयक बांधकामांचे काम, असा त्यांचा प्रवास झाला. कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, विजापूर अशा अनेक शहरांच्या पाणीपुरवठ्यात त्यांचा हात होता. १९०६ मध्ये त्यांना एडनला पाठविण्यात आले. तेथे पाऊस जवळजवळ नाही आणि गोड पाणी दुर्मीळ. तेथील पाणीपुरवठा व मैलापाण्याच्या निकासाची योजना त्यांनी करून दिली. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचा सहवास त्यांना लाभला. देशाची गरिबी हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, ही जाणीव त्या सहवासात पक्की झाली असावी. कारण पुढे त्यांनी धरणे बांधली तीदेखील हिशेबाची वही हातात घेऊन.

पुण्यातील दोन गोष्टी सविस्तर सांगण्यासारख्या आहेत. पहिली खडकवासल्याच्या दारांची. तेथील जलाशयातून पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडे. धरणाची भिंत उंच करणे खर्चाचे आणि धोक्याचेही, कारण जुन्या भिंतीवर नवा भार पडतो. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर लोखंडी दारे बसविली. ही दारे स्वयंचलित होती. पाणी ठरलेल्या पातळीला पोचले की त्याच्याच जोराने दारे उघडत, जादा पाणी निघून जाई. पातळी उतरली की ती आपोआप मिटत. रात्रीच्या पुरात कोणी पहारेकरी झोपला म्हणून धरणाला धोका नाही. या युक्तीने जलाशयात पूर्वीपेक्षा सुमारे आठ फूट अधिक पाणी साठू लागले. या शोधाचे पेटंट त्यांच्या नावे झाले, पण खात्यात नोकरी करीत असताना लावलेल्या शोधावर पैसे घेणे त्यांनी नाकारले. याच धर्तीची दारे नंतर ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणाला आणि कृष्णराजसागरालाही बसविण्यात आली.

दुसरी गोष्ट कालव्याच्या पाण्याच्या वाटणीची. कालवा आला की ज्याचे शेत जवळ, तो उसाला हवे तितके पाणी पाजतो. खालच्या शेतकऱ्याच्या ज्वारीला थेंब मिळत नाही. आणि वरच्याचे शेतही अतिपाण्याने पाणथळ व खारट होऊन बसते. विश्वेश्वरय्यांनी कालव्याखालच्या जमिनीचे गट पाडले. प्रत्येक गटात उसाचे, इतर बागायतीचे आणि कोरडवाहू पिकांचे क्षेत्र ठरवून द्यावयाचे, ती पिके पाळीपाळीने फिरवावयाची, आणि पाणी गटाला मोजून सोडावयाचे, अशी ही पद्धत होती. शेतकऱ्यांनी तिला प्रथम कडाडून विरोध केला. आपल्या शेतात काय पेरावे हे सरकारने सांगावे, हे कोणाला आवडणार? परंतु हळूहळू तिचा लाभ दिसू लागला. आज आपल्या बिदर जिल्ह्यातही ऊस आणि साखर कारखाने आहेत, आणि उन्हाळ्यात बोअरला पाणी का लागत नाही यावर पारावर रोज चर्चा चालते. त्या चर्चेत हा शंभर वर्षांपूर्वीचा विचार कोणी काढीत नाही, याचे मला नवल वाटते.

वरच्या जागांवर हिंदी माणसाला वाव नाही, आणि अनेक वरिष्ठांना ओलांडून मिळालेल्या बढतीमुळे मनेही दुखावली आहेत, हे ओळखून १९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली व ते परदेश पाहण्यास निघाले. ते युरोपात असतानाच हैदराबादहून निजाम सरकारची तार त्यांना गाठीत आली.

झाले होते ते असे. मुसी नदी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते आणि पूर्वेकडे हैदराबाद शहराच्या मधून वाहते. ईसी ही तिची उपनदी शहराच्या थोडे वर तिला मिळते. एरवी उन्हाळ्यात पायी ओलांडता यावी अशी ही नदी. सप्टेंबर १९०८ च्या अखेरीस तिच्या खोऱ्यावर ढग फुटले. शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत जवळजवळ १९ इंच पाऊस पडला. माझे बालपण समुद्रकाठच्या कोंकणी घरात गेले. तिकडे आषाढात असा पाऊस घरातील वडीलधाऱ्यांना चकित करीत नाही. नदी आखूड, उतार तीव्र, समुद्र जवळ. पाणी आले तसे निघून जाते. पठारावर तसे होत नाही. येथे पाण्याला शेकडो मैल जावयाचे असते आणि वाटेत माणसांनी त्याला ठायीठायी अडविलेले असते.

हे अडविणेच त्या रात्री घातक ठरले. शहराच्या वरच्या अंगाला सुमारे ८६० चौरस मैलांच्या पाणलोटात ७८८ तलाव होते. म्हणजे मैलामैलाला एक. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाने उभे राहिलेले हे मातीचे बांध. वरचा एक तलाव फुटला की त्याचे सारे पाणी खालच्यावर आदळे, तो फुटे, आणि दोघांचे पाणी तिसऱ्यावर जाई. असे २२१ तलाव फुटले. २८ सप्टेंबरला मुसीचा प्रवाह सेकंदाला सुमारे ४,२५,००० घनफुटांवर गेला, असा हिशेब पुढे विश्वेश्वरय्यांनी मांडला. नदीकाठचे मोहल्ले पाण्याखाली गेले. सुमारे पंधरा हजार माणसे बुडाली आणि हजारो घरे वाहून गेली. अफजलगंजाजवळ एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, असे सांगतात. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात जतन करून ठेवलेले आहे.

विश्वेश्वरय्या १९०९ च्या एप्रिलमध्ये हैदराबादेत रुजू झाले. त्यांच्यापुढे दोन कामे होती: पुन्हा पूर येऊ नये याची तजवीज, आणि शहराच्या मैलापाण्याची व्यवस्था. पुराच्या बाबतीत पहिला विचार मनात येतो तो काठाला उंच भिंती घालण्याचा. परंतु नदीत मावणार नाही इतके पाणी आले तर भिंत किती उंच घालावी? ती फुटली तर आपत्ती दुप्पट. म्हणून त्यांनी पाणी शहरात शिरण्यापूर्वीच रोखावयाचे ठरविले. शहरापासून काही मैल वर मुसीवर एक आणि ईसीवर एक, असे दोन मोठे जलाशय बांधावे. त्यांच्या पोटातील काही जागा पावसाळ्यात पुरासाठी मोकळी ठेवावी. पूर आला की पाणी तेथे कोंडावे आणि शहरातील पात्राला सोसेल इतकेच खाली सोडावे, अशी ही योजना होती. शेकडो लहान, बेभरवशाच्या बांधांवर विसंबण्याऐवजी दोन भक्कम धरणांवर भार द्यावयाचा. शिवाय पुरासाठी बांधलेले जलाशय उरलेले वर्षभर शहराला पिण्याचे पाणी देणार होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी अहवाल सादर केला. मुसीवरील उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. पहिल्याला सातव्या निजामाचे आणि दुसऱ्याला त्याच्या पुत्राचे नाव आहे. आराखडा करणाऱ्याचे नाव नाही. पुढे आपल्या मांजरेवर नवाब अली नवाज जंग यांनी निजामसागर बांधला, तो १९३१ साली.

दुसरे काम गटारांचे. त्या काळी हैदराबादच्या घरांतील सांडपाणी आणि मैला उघड्या मोऱ्यांतून नाल्यांत आणि नाल्यांतून मुसीत जाई. ज्या नदीच्या पाण्यावर जगावयाचे तिच्यातच घाण सोडावयाची, आणि पटकी आली की दैवाला दोष द्यावयाचा, हा प्रकार केवळ हैदराबादचा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी भुयारी गटारांची योजना केली. नदीच्या दोन्ही तीरांना समांतर मोठी गटारे नेऊन मैलापाणी नदीत पडण्यापूर्वीच अडवावयाचे आणि शहराच्या खालच्या अंगाला दूर नेऊन शेतीच्या उपयोगी आणावयाचे, असा तिचा सारांश.

भुयारी गटार म्हणजे जमिनीत पुरलेला नळ, एवढेच आपण समजतो. त्यातील शास्त्र मोठे सूक्ष्म आहे. उतार फार कमी ठेवला तर पाणी मंद चालते, गाळ तळाशी बसतो आणि नळ तुंबतो. उतार फार दिला तर वाळू व खडे नळाचे तळ घासून टाकतात. शिवाय काही मैल गेल्यावर गटार इतके खोल जाते की ते खणणे परवडत नाही. दुपारी घराघरांतून पाणी येते तेव्हा, आणि मध्यरात्री थेंबथेंब येते तेव्हाही, पाण्याने आपली घाण आपणच वाहून नेली पाहिजे. म्हणून पुष्कळ ठिकाणी मोठी गटारे अंड्याच्या आकाराची, खाली निमुळती अशी बांधीत. थोडे पाणी असले तरी ते तळाच्या अरुंद भागात खोल आणि वेगाने वाहते. आपल्या शाळेच्या हातपायधुणीपाशी पावसाळ्यात जे पाणी साचते, त्याकडे पाहिले तरी उताराचे महत्त्व कळेल. अर्धा इंच उतार द्यावयाचा राहिला की वर्षभर डास. पाण्याशी फार बोलता येत नाही. गवंड्याची ओळंबी आणि पाणसळ जे सांगते तेच ते ऐकते.

हैदराबादचे भुयारी गटारांचे काम पुढे अनेक वर्षे चालले. १९२२ मध्ये त्याच कामाच्या सल्ल्यासाठी त्यांना पुन्हा बोलावण्यात आले. आज ते शहर त्यांच्या कल्पनेच्या कितीतरी पटीने वाढले आहे. मुसीत सांडपाणी मिसळतेच आहे, आणि ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत शहरातील वस्त्या पुन्हा बुडाल्या. तलावांच्या पोटात घरे उठली की पाणी आपली जुनी जागा मागावयास येते. बिदर येथे बहामनी काळात खणलेली कारेझ आहे. जमिनीखालून उताराने पाणी नेणारे ते भुयार पाचशे वर्षांहून जुने. तेदेखील कित्येक वर्षे गाळाने भरून विस्मरणात पडले होते. बांधणाऱ्याइतकीच गाळ काढणाऱ्याची गरज असते. परंतु गाळ काढणाऱ्याचे चरित्र मासिकात येत नाही.

१९०९ च्या नोव्हेंबरात म्हैसूरच्या महाराजांनी विश्वेश्वरय्यांना मुख्य अभियंता म्हणून बोलावून घेतले, आणि १९१२ मध्ये ते दिवाण झाले. कावेरीवर कन्नंबाडी येथे कृष्णराजसागराचे काम १९११ साली सुरू झाले. कोलारच्या सोन्याच्या खाणींना शिवसमुद्रमहून वीज जात असे. उन्हाळ्यात नदी रोडावली की वीजही रोडावे. धरणाने ती अडचण दूर होणार होती आणि मंड्याच्या कोरड्या जमिनीला पाणी मिळणार होते. सिमेंट दुर्मीळ असल्याने विटांची भुकटी आणि चुना यांच्या सुरखीत ते बांधले गेले. मद्रास सरकारशी पाण्याच्या वाटणीचा तंटा झाला, तो १९२४ च्या करारापर्यंत चालला. त्याचे पडसाद त्यानंतरही कितीतरी वर्षे उमटत राहिले. त्यांच्या कारकीर्दीत १९१३ मध्ये म्हैसूर बँक, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ आणि १९१७ मध्ये बंगळूरचे इंजिनियरिंग कॉलेज निघाले. स्थापत्यशास्त्रासाठी ज्याला पुणे गाठावे लागले होते, त्याने आपल्या प्रांतातील मुलांची ती पायपीट वाचविली.

१९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडले. मागासलेल्या समाजांना सरकारी नोकऱ्यांत वाटा राखून द्यावा, असा महाराजांचा कल होता आणि त्यासाठी मिलर समिती नेमली गेली होती. विश्वेश्वरय्यांना केवळ गुणवत्तेची कसोटी मान्य होती. या प्रश्नात इतिहासाने महाराजांची बाजू उचलून धरली, असे मला वाटते. पाणी वरच्याच शेतात मुरू नये म्हणून ज्यांनी गट पाडले, त्यांना नोकऱ्यांच्या बाबतीत तोच न्याय दिसू नये, हे थोडे चमत्कारिकच. परंतु मत पटले नाही तर खुर्चीला चिकटून राहावयाचे नाही, हेही त्यांनी पाळले.

नंतरची चाळीस वर्षे त्यांनी विश्रांतीत घालविली नाहीत. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना त्यांनी डबघाईतून सावरला, देशाच्या योजनाबद्ध अर्थव्यवस्थेवर १९३४ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि नव्वदी उलटल्यावर बिहारमधील मोकामा येथील गंगेच्या पुलाची जागा ठरविणाऱ्या समितीचे काम पाहिले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. १९६० मध्ये त्यांची जन्मशताब्दी ते हयात असतानाच साजरी झाली आणि टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले.

१२ जुलै १९६१ रोजी पुण्याच्या वरचे पानशेतचे नवे धरण फुटले. त्याचा लोंढा खडकवासल्यावर आला आणि तेही फुटले; मुठेच्या पाण्याने पुणे शहर बुडाले. हैदराबादेत तलावावर तलाव आदळला होता, तेच येथे धरणांचे झाले. ज्या खडकवासल्याला त्यांनी तरुणपणी दारे बसविली होती, त्याची ही वार्ता शंभरी ओलांडलेल्या विश्वेश्वरय्यांच्या हयातीतच आली. त्यानंतर नऊ महिन्यांनी, १४ एप्रिल १९६२ रोजी, बंगळूर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार मुद्देनहळ्ळीस, ज्या गावात ते जन्मले तेथेच, करण्यात आले.